'क्युअर' बघितला, आता कियोशी कुरोसावाचं पुढे काय बघू?

रात्रपाळी:
परवा ह्या जपानी दिग्दर्शकाचा 'क्युअर' बघितला आणि अजून डोक्यातून जात नाहीये. भूत नाही, किंकाळ्या नाहीत, नुसता एक स्मृती गेलेला माणूस लायटर पेटवून लोकांना तू कोण तू कोण विचारत बसतो आणि मग तीच साधीसुधी माणसं खून करतात. एक पोलीस चौकीसमोर आपल्याच सहकाऱ्याला गोळी घालतो तो सीन तर एवढ्या लांबून घेतलाय की घडून गेल्यावर कळतं. पुढे काय बघू? ह्याच्या यादीत फॅमिली ड्रामा पण दिसतोय, युद्धाच्या काळातला पण, म्हणजे हॉरर सोडलं का ह्याने? आणि अकिरा कुरोसावाचा कोणी लागतो का?

जुनी_रिळं:
नाही रे, फक्त आडनाव सारखं. हा कोबेचा, जन्म १९५५. कॉलेजात ८ एमएमवर फिल्म्स करायचा, १९८३ला पिंक फिल्म म्हणजे तिकडच्या कमी बजेटच्या अडल्ट पिक्चरपासून सुरुवात. १९८९चा 'स्वीट होम' हा हॉरर, त्याच्यावर कॅपकॉम ह्या कंपनीने व्हिडिओ गेम काढला आणि त्या गेमवरून पुढे रेसिडेंट इव्हिल ह्या गेमची कल्पना आली. पण त्या पिक्चरवरून निर्माता जुझो इतामीशी त्याचं बिनसलं आणि नंतरची बरीच वर्षं थेट व्हिडिओवर येणारे स्वस्तातले पिक्चर करण्यात गेली. माझ्या मते हात तिथेच बसला, पैसा नाही वेळ नाही तर कॅमेरा लांब ठेवायचा आणि सीन एका दमात घ्यायचा. 'क्युअर' आला १९९७ला, तेव्हा चाळिशी उलटलेली होती.

मिणमिणता_दिवा:
आता 'पल्स' बघ, २००१चा, डोळे झाकून. सॉरी, डोळे उघडे ठेवून 😄 त्यात ती बाई अंधारातून चालत येते आणि मध्येच तिचा तोल जातो, बस तेवढंच, पण मी लाइट लावला होता. इंटरनेटमधून भुतं येतात ही गोष्ट असली तरी खरी भीती एकटं पडण्याची आहे, हळूहळू अख्खं टोकियो रिकामं होत जातं.
आणि हॉरर सोडलं वगैरे काही नाही. 'टोकियो सोनाटा'मध्ये नोकरी गेलेला बाप घरी न सांगता रोज सूट घालून बाहेर पडतो, ते बघताना मला 'पल्स'इतकंच अस्वस्थ झालं.

जुनी_रिळं:
हे नाही पटत. 'सोनाटा' अस्वस्थ करतो मान्य, पण त्यात शेवटी त्या घरासाठी दार उघडं ठेवलंय, मुलगा पियानो वाजवतो तेव्हा मोकळं वाटतं, 'क्युअर'मध्ये ती सोय नाही. त्याला हॉरर म्हटलं की त्यातली माया दिसेनाशी होते. युद्धाच्या काळातला 'वाइफ ऑफ अ स्पाय', त्याचं पण तेच, त्याला २०२०ला व्हेनिस फिल्म फेस्टिव्हलमध्ये दिग्दर्शनाचा सिल्व्हर लायन मिळाला, लेखनात कुरोसावाचा विद्यार्थी हामागुची होता, तोही दिग्दर्शक, आणि हा पिक्चर सरळसरळ नवराबायकोच्या विश्वासाचा आहे.

मिणमिणता_दिवा:
मायेचं बरोबर आहे, ते मी धरलं नव्हतं. पण रिकामी खोली बघितली की पोटात गोळा येतो ना, ते सगळीकडे सेम आहे. रात्रपाळी, वेळ कमी असेल तर 'चाइम' घे, २०२४चा, पाऊण तासाचा, स्वयंपाकाच्या क्लासमधला. आणि 'पल्स'चा २००६चा हॉलिवूड रिमेक चुकून लावू नकोस, जपानीच शोध.