डॉक्टरकी सोडून नाटक? भाचा डॉ. श्रीराम लागूंचं नाव पुढे करतोय, काय बोलू?

कोथरूडची_मावशी
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. बहिणीचा मुलगा बीडीएस झालाय, इंटर्नशिप संपत आलीये, आणि आता म्हणतो दवाखाना वगैरे काही नाही, मी फुलटाइम ॲक्टिंग करणार. कॉलेजात एकांकिका करायचा तेव्हा आम्हीच कौतुकाने भरत नाट्यला जाऊन टाळ्या वाजवल्यात, त्यामुळे आता कुठल्या तोंडाने नाही म्हणू. बहीण रडतेय, मेहुणे बोलत नाहीयेत, मध्ये मी. काही बोललं की त्याचं एकच, "डॉ. लागूंनी नाही का सोडली सर्जरी?" यावर माझ्याकडे उत्तर नाही हो. मी पिंजरा आणि सिंहासन पाहिलाय, नटसम्राट आईकडून ऐकलंय, बाकी त्यांनी नेमकं कधी आणि कसं सोडलं हे काही ठाऊक नाही. कुणाला माहिती असेल तर सांगा, म्हणजे निदान त्याच्याशी नीट भांडता तरी येईल.

तिसरी_घंटा
दाताचा डॉक्टर आहे ना, मग लागू कशाला, नट काशिनाथ घाणेकरांचं नाव घ्यायला सांगा की, ते दाताचेच डॉक्टर होते.

कोथरूडची_मावशी
@तिसरी_घंटा त्यांच्यावरचा सिनेमा बघितलाय मी. म्हणूनच तर झोप उडालीये.

जुना_बीजेकर
मावशी, भाचा म्हणतोय ते खोटं नाहीये पण अर्धंच सांगतोय. लागूंचा जन्म १९२७चा, शाळा भावे हायस्कूल, मग फर्ग्युसन, मग आमचं बीजे मेडिकल कॉलेज. नाटकाचा किडा कॉलेजातच चावलेला. पण त्यांनी डिग्री हातात पडल्या पडल्या काही सोडलं नाही, नाक-कान-घशाचं शिक्षण घेतलं, पुण्यात काही वर्षं काम केलं, पुढच्या ट्रेनिंगला कॅनडा आणि इंग्लंडला जाऊन आले, परत पुण्यात प्रॅक्टिस, मग टांझानियात टबोरा म्हणून गाव आहे तिथे सर्जन. पूर्णवेळ नट झाले ते १९६९ला, म्हणजे चाळिशी उलटल्यावर!

आणि या सगळ्या काळात नाटक बंद होतं असं नाही. भालबा केळकरांच्या पीडीए या नाट्यसंस्थेत ते कितीतरी आधीपासून होते, कानेटकरांचं 'वेड्याचं घर उन्हात' १९५७चं, त्यात लागू होते. आणि बारा वर्षांनी पूर्णवेळ नट म्हणून पहिलं नाटक केलं ते 'इथे ओशाळला मृत्यू', तेही कानेटकरांचंच. म्हणजे उडी दिसते १९६९ची पण धाव किती लांबून आणलेली बघा. पुढच्याच वर्षी नटसम्राट, तेव्हा वय त्रेचाळीस, आणि उभा केला म्हातारा बेलवलकर.

भाच्याला एवढंच विचारा, की बाबा तुझं 'वेड्याचं घर' कुठलं? कॉलेजच्या एकांकिका धरायच्या नाहीत, त्या आम्हीपण केल्यात. (मला एक वाक्य होतं, तेही विसरलो.)

रांग_पहिली
@जुना_बीजेकर बरोबर, पण याचा दुसरा अर्थपण निघतो ना. नटसम्राट त्रेचाळिसाव्या वर्षी, पिंजरा १९७२चा म्हणजे पंचेचाळीसच्या आसपास, हिंदीतला घरौंदा त्यानंतर, त्याला फिल्मफेअर मिळालं. म्हणजे पडद्यावर माणूस आला तोच डोक्यावर पांढरे दिसायला लागायच्या वयात, आणि हिंदीत शंभरावर सिनेमे करून बरेचदा वाट्याला काय, तर वडील, जज्ज, पोलीस ऑफिसर. ॲटनबरोच्या गांधीमध्ये गोखले केले पण ते किती मिनिटं? पंचविशीत सोडलं असतं तर काय काय करता आलं असतं असं मला नेहमी वाटतं. घरच्यांनी थांब थांब म्हणायचं आणि पोराने चाळिशीपर्यंत दाढा उपटायच्या, हे काही मला पटत नाही.

जुना_बीजेकर
पंचविशीत सोडलं असतं तर खायला काय होतं? तेव्हा पुण्यात प्रायोगिक नाटकवाल्यांना चहा मिळाला तरी खूप. पाठीशी सर्जनची डिग्री होती म्हणून निवांत वाट बघता आली, असं माझं आपलं मत.

तिसरी_घंटा
आता सिरियसली. लागूंचाच रस्ता कशाला धरायचा, आपल्या पुण्यातच अजून दोघं आहेत की. मोहन आगाशे, 'घाशीराम कोतवाल' नाटकातले नाना, त्यांनी मानसोपचार सोडलेच नाहीत, ससूनला शिकवत होते, एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटचे डायरेक्टरही झाले, आणि सिनेमे चालूच. दुसरे जब्बार पटेल, घाशीराम त्यांनीच बसवलं, लहान मुलांचे डॉक्टर, दौंडला दवाखाना. सामना, जैत रे जैत, सिंहासन हे सगळं त्या माणसाने केलंय आणि सामना, सिंहासनमध्ये लागू आहेतच. तिघंही बीजेचे आणि तिघांचं गणित वेगळं. तिकडच्या पाण्यातच काहीतरी असावं.

मावशी, भाच्याला आधी सामना दाखवा. दारुड्या मास्तर लागूंनी केलाय, समोर निळूभाऊंचा हिंदुराव. ते बघून झाल्यावरही हे आपल्याला जमेल असं वाटत असेल तर मग गंभीरपणे बोला त्याच्याशी.

पेशंट_क्रमांक_७
मी स्वतः फिजिओ आहे, सकाळी क्लिनिक, संध्याकाळी तालमी, सहा वर्षं झाली. खरं सांगू का, दोन्हीकडे बोलणी खातो, पेशंट म्हणतात डॉक्टर सात वाजता कुठे गायब होता आणि दिग्दर्शक म्हणतो उशीर का झाला. आगाशे सरांना कसं जमलं देव जाणे. पण दर महिन्याचं भाडं क्लिनिक भरतं, नाटक नाही. दाताच्या डॉक्टरला अर्धा दिवस दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये काम मिळू शकतं, ते तरी बघ म्हणावं. आणि 'लमाण' वाचायला द्या, लागूंचं आत्मचरित्र, लायब्ररीत मिळेल.

कोथरूडची_मावशी
सगळ्यांचे आभार. काल रात्री त्याला १९५७ आणि १९६९ सांगितलं तर गप्प झाला, मग म्हणतो मावशी बारा वर्षं?? मेहुणे पहिल्यांदा हसले. सामना रविवारी लावतोय, बहीण म्हणाली मीपण बसते. अर्ध्या दिवसाचं क्लिनिक बघायला तयार आहे, फक्त गुरुवारी तालीम असते तर गुरुवारी सुट्टी हवी म्हणतो. सिंहगड रोडच्या बाजूला कुणाच्या ओळखीत डेंटिस्ट असेल तर मेसेज करा.