डेमियन राइस: बारा वर्षांत तीन अल्बम, याला करिअर म्हणायचं का?

सुरपेटी:
स्पष्टच लिहितो. या आयरिश गायक-गीतकारानं हातात आलेलं घालवलं. २००२ला ‘ओ’, २००६ला ‘९’ आणि मग थेट २०१४ला ‘माय फेवरिट फेडेड फँटसी’. २००३चं शॉर्टलिस्ट हे अमेरिकेतलं संगीत-पारितोषिक मिळालं. २००४च्या ‘क्लोजर’ सिनेमात त्याचं ‘द ब्लोअर्स डॉटर’ वाजलं आणि ज्यांना डब्लिन नकाशावर दाखवता येणार नाही त्यांच्याही तोंडी ते बसलं. तवा तापलेला असताना या गृहस्थानं दोन वर्षं काढली. २००७मध्ये सहगायिका लिसा हॅनिगनशी फारकत झाली आणि आवाजाची अर्धी बाजूच गेली. पुढची सात वर्षं अल्बमच नाही.

चौथा_फ्रेट:
सनावळी बरोबर, निदान चुकलं. आधीचा इतिहास बघा. राइसच्या आधीच्या ‘ज्युनिपर’ बँडचा पॉलिग्राम या रेकॉर्ड कंपनीशी सहा अल्बमचा करार झाला होता. कंपनीला रेडिओवर चालतील अशी गाणी हवी होती. राइस बँड सोडून इटलीत टस्कनीत शेती करत राहिला, मग युरोपभर रस्त्यावर गायला. परत आल्यावर नात्यातल्या डेव्हिड अर्नोल्डनं (बाँडपटांचा संगीतकार) घरी रेकॉर्डिंग करता येईल असं सामान दिलं. ‘ओ’ त्यातून झाला आणि आयर्लंडमध्ये स्वतःच्या डीआरएम लेबलवर आला. सहा अल्बमचा करार मोडून निघालेल्या माणसाला ‘दर दोन वर्षांनी एक काढ’ सांगणं म्हणजे पुन्हा त्याच दावणीला बांधणं.

पैशाचं म्हणाल, तर एका गाण्यावर दोन वेगळे हक्क असतात: एक त्या ध्वनिमुद्रणाचा, दुसरा शब्द आणि चालीचा. गाणं दुसऱ्यानं नव्यानं गायलं की मूळ मुद्रणाला काही मिळत नाही, रचनाकाराला मिळतं. ‘क्लोजर’मध्ये मूळ मुद्रण वापरलं, म्हणजे दोन्ही हक्कांची परवानगी लागली. २००५मध्ये ब्राझीलमध्ये आना कारोलिना आणि सेउ जॉर्जी यांनी तेच गाणं पोर्तुगीजमध्ये गाजवलं. २०११च्या ‘एक्स फॅक्टर’ या टीव्हीवरच्या गायनस्पर्धेनंतर लिटल मिक्स या गटानं राइसचं ‘कॅननबॉल’ गायलं, ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर. या दोन्ही वेळी रचनेचा हक्क कामाला आला, राइसला स्टुडिओत पाऊल टाकावं लागलं नाही. (आपल्याकडे गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतला आपला वाटा लिहून देता येऊ नये यासाठी कॉपीराइट कायद्यात २०१२ची दुरुस्ती यावी लागली, तो वेगळा धागा.)

सुरपेटी:
हिशेब मान्य. पण मी बँकेबद्दल बोलत नव्हतो, गाण्याबद्दल बोलत होतो.

मात्रा_सोळा:
गाण्याबद्दल बोलायचं तर ‘व्होल्केनो’ दोनदा ऐका. ज्युनिपरचे बाकीचे चौघं पुढे ‘बेल एक्स१’ झाले, त्यांच्या २०००च्या ‘नीदर अॅम आय’मध्ये हेच गाणं आहे. तिथं ते अख्ख्या बँडचं गाणं आहे. ‘ओ’मध्ये गिटार, व्हिव्हियन लाँगचा चेलो, आणि शेवटाकडे राइस-हॅनिगन वेगवेगळ्या ओळी एकमेकांवर चढवत नेतात. गाणं उभं राहतं ते या विणीवर, नुसत्या चालीवर नाही. म्हणून हॅनिगनचं जाणं मला ‘सहगायिका बदलली’ एवढं किरकोळ वाटत नाही. ‘९’मधल्या ‘९ क्राइम्स’चा पहिला आवाजसुद्धा तिचाच आहे. सुरपेटींशी मी इथपर्यंत सहमत, आळसाच्या आरोपाशी नाही.

टेकडीवाला:
घरी केलेलं रेकॉर्डिंग इतकं जवळचं कसं वाटतं? आम्ही करतो तेव्हा फक्त खरखर जवळची वाटते.

चौथा_फ्रेट:
‘ओ’मधलं ‘आय रिमेंबर’ घ्या. अर्धं गाणं हॅनिगन पुटपुटल्यासारखं गाते, पुढे ड्रम येतात आणि राइस जवळजवळ किंचाळतो. पुटपुटण्यासाठी गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ती पातळी) लावला तर किंचाळी फाटते, किंचाळीसाठी लावला तर पुटपुटणं खोलीच्या आवाजात बुडतं. हे भाग वेगळे रेकॉर्ड करा. हळू भागाला कंडेन्सर माइक (बारीक आवाजही टिपणारा) तोंडापासून वीतभर. त्याहून जवळ गेलात तर खर्ज फुगतो आणि ‘प’, ‘फ’चा फटका बसतो. मोठ्या भागाला दोन-अडीच फूट मागे सरका, तोंड किंचित बाजूला, गेन नव्यानं लावा. सर्वांत मोठा स्वर रेकॉर्डिंगच्या मीटरवर उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. रेकॉर्डिंग २४ बिटवर. बहुतेक जण इथं चुकतात: आवाज सपाट वाटला की कॉम्प्रेसर दाबतात. त्यानं मोठा आवाज खाली येतो, मग एकूण पातळी वाढवली की पंखा, शेजारचा कुकर आणि तारेवरून सरकणारी बोटंही वर येतात. बोटांचा आवाज थोडा ठेवा, या शैलीत तो शोभतो. पंखा मात्र बंदच करा.

टेकडीवाला:
मे महिन्यात?

चौथा_फ्रेट:
पहाटे करा.

मात्रा_सोळा:
मूळ मुद्द्यावर: तिसरा अल्बम निर्माता रिक रुबिनच्या साथीनं केलेला, आठच गाणी, त्यातलं ‘इट टेक्स अ लॉट टू नो अ मॅन’ साडेनऊ मिनिटांचं. शेवटाची वाद्यरचना मला लांबलेली वाटते, पण कुठल्याही रेडिओवाल्यानं हे पास केलं नसतं, हेही खरं.

सुरपेटी:
आठ वर्षांच्या प्रतीक्षेनंतर आठ गाणी! उलट हॅनिगन बघा. २००७ला बाहेर पडली, २००८ला तिचा ‘सी स्यू’ अल्बम आलासुद्धा, २००९ला मर्क्युरी या ब्रिटन-आयर्लंडमधल्या अल्बम-पारितोषिकासाठी नामांकन. काम करणारा असा करतो.

चौथा_फ्रेट:
आणि पुढचे? २०११ला ‘पॅसेंजर’, २०१६ला ‘अॅट स्विम’. त्या नऊ वर्षांत तिचेही तीनच. तिच्यावर असा धागा कधी काढताय?