वादी, संवादी आणि सम कसे ओळखावेत?

प्रश्न (सोलापूर): हुतात्मा स्मृती मंदिरातील मैफलींत निवेदक वादी, संवादी, सम असे शब्द वापरतात. ते ऐकताना कसे ओळखावेत?

उत्तर १: वादी हा रागातील प्रमुख स्वर, संवादी त्याच्या खालोखालचा. भूप आणि देशकार या दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच स्वर असले, तरी भूपात गंधार (ग) वादी व धैवत (ध) संवादी असतो आणि देशकारात नेमके उलट, म्हणून सायंकाळचा भूप व सकाळचा देशकार निराळे वाटतात. दोन्ही लागोपाठ ऐकावेत. केवळ व्याख्या पाठ करून फारसे साधत नाही.

उत्तर २: सम ही तालाची पहिली मात्रा (मात्रा म्हणजे तालातील एक ठोका). १६ मात्रांच्या त्रितालात ‘खाली’ (टाळी न देता हात बाजूला नेऊन दाखवतात ती जागा) नवव्या मात्रेवर असते. ठेक्यात (तबल्यावर वाजणाऱ्या तालाच्या ठरलेल्या बोलांत) दहाव्या मात्रेपासून थांबलेला डग्ग्याचा, म्हणजे तबल्याच्या जोडीतील मोठ्या वाद्याचा, घुमारा चौदाव्या मात्रेवर परततो, तेव्हा सम जवळ आली असे समजावे.