गाडीच्या मागच्या ब्रेक डिस्क घरी बदलल्या आहेत का? अनुभव सांगा

पुढच्या चाकांच्या डिस्क घरी बदलणारे बरेच जण आहेत. मागच्या म्हटलं की त्यातलेही अनेक जण गाडी गॅरेजला नेतात, आणि त्याला कारण आहे हँडब्रेक. पुढे कॅलिपरमधला, म्हणजे डिस्कवर दोन्हीकडून पॅड दाबणाऱ्या चिमट्यातला, पिस्टन दाबला की आत जातो, विषय संपला. मागे हँडब्रेक कधी कॅलिपरच्या पोटात असतो, कधी खुद्द डिस्कच्या आत, आणि तो कुठे आहे यावर सगळं काम ठरतं. म्हणून आपल्या गाडीत कुठला प्रकार होता हे आधी सांगा, मग काय अडलं आणि कसं सुटलं ते लिहा.

सुरुवात मी करतो. माझ्या गाडीत हँडब्रेक कॅलिपरमध्येच आहे. केबल ओढली की कॅलिपरच्या मागचा लिव्हर फिरतो आणि आतला स्क्रू पिस्टनला पुढे ढकलतो. नवे जाड पॅड आणि नवी डिस्क बसायला जागा करायची तर हा पिस्टन फिरवत फिरवतच आत न्यावा लागतो. सी-क्लॅम्प लावून नुसता जोर केला तर आतली यंत्रणा कामातून जाते. यासाठी वेगळं हत्यार मिळतं: त्याच्या चकतीवरचे खुंट पिस्टनच्या खाचांत बसतात, मागची पट्टी कॅलिपरला टेकते, आणि दांडा फिरवला की दाब व फिरकी एकदम मिळते. बहुतेक पिस्टन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आत जातात, पण काही गाड्यांत एका बाजूचा उलटा असतो. पिस्टन बाहेर येताना दिसला तर लगेच थांबा.

दोन गोष्टी फार कमी लोक सांगतात. फिरवताना पिस्टनभोवतीचा रबरी बूट त्याच्याबरोबर पिळला जातो. मधेमधे थांबून तो बोटाने सोडवून सरळ करावा, नाहीतर फाटतो. दुसरी म्हणजे पिस्टनच्या तोंडावरची खाच. आतल्या पॅडच्या पाठीवर एक छोटा उंचवटा असेल, तर तो त्या खाचेत बसायलाच हवा. खाच थोडी तिरकी राहिली तरी पॅड तिरका दाबला जातो आणि एका कडेने झिजतो. मी कॅलिपर चढवण्याआधी टॉर्चच्या उजेडात खाच नीट बघतो, मगच बोल्ट हातात घेतो.

* * *

माझा प्रकार दुसरा. डिस्कच्या मधल्या टोपीच्या आत छोटा ड्रम आहे आणि हँडब्रेकचे शू (आतून घासणाऱ्या वक्र पट्ट्या) त्यात दाबले जातात. पिस्टन साधा, दाबला की आत गेला. पण डिस्क काही केल्या निघेना.

अशा वेळी लोक आधी हातोडी उचलतात. आधी हँडब्रेक पूर्ण सोडलाय ना ते बघा. मग डिस्कच्या तोंडावर किंवा मागच्या पत्र्यावर रबरी बूच असतं ते काढा. त्या भोकातून आतलं दात असलेलं चाक स्क्रू ड्रायव्हरने फिरवून शू आत ओढून घ्या. जुन्या ड्रमच्या आत झिजून कड तयार झालेली असते, शू तिच्यामागे अडकतात. शू मोकळे झाले तरी डिस्क हलत नसेल तर मग तो गंज. हबच्या (डिस्क ज्यावर बसते तो मधला भाग) कडेला गंज सोडवणारं तेल मारून मी वाट बघितली. टोपीवर आटे असलेली दोन भोकं होती, त्यांत ८ मिमीचे बोल्ट घातले आणि दोन्ही आळीपाळीने थोडे थोडे आवळत गेलो. कट्‌ असा आवाज झाला आणि डिस्क सुटली.

नवी डिस्क घातल्यावर तेच चाक उलट फिरवून शू हलकेच घासेपर्यंत बाहेर काढले, मग थोडे मागे घेतले. हे केलं नाही तर हँडब्रेकचा लिव्हर छतापर्यंत येतो.

* * *

डिस्क अडकली म्हणून तापवणाऱ्यांना कळकळीची विनंती. आधी ब्रेक क्लीनर फवारला असेल तर तिथे ज्योत नेऊ नका. क्लोरिनयुक्त क्लीनर तापला की फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होतो, आणि बिगरक्लोरिनचे क्लीनर पेट घेतात. ब्रेकची धूळही कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, क्लीनरने ओली करून पुसून घ्या. जुन्या पॅडमध्ये काय आहे ते कुणाला ठाऊक?

* * *

इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असलेल्यांसाठी. कॅलिपरच्या पाठीवर मोटर बसवलेली असते. काम सुरू करण्याआधी गाडी सर्व्हिस मोडमध्ये न्यावी लागते. काही गाड्यांत स्कॅनर लागतो, काहींत बटण आणि पेडलच्या ठरावीक क्रमाने होतं. मॅन्युअल वाचा. आतला नट मोटरने मागे गेला की पिस्टन दाबून आत जातो. कॅलिपर उघडा असताना कुणी चुकून बटण दाबू नये म्हणून मी त्यावर चिकटपट्टी लावतो.

* * *

मला पेडलबद्दल लिहायचंय. एका गॅरेजमध्ये मागच्या नव्या डिस्क बसवून घेतल्या होत्या. सुरुवातीला सगळं छान, आणि काही हजार किलोमीटरनंतर ब्रेक दाबला की पायाखाली पेडल थरथरायचं. ‘डिस्क वाकली’ असं सांगण्यात आलं. घरी उघडून पाहिलं तर डिस्कच्या मागे हबवर गंजाचे पापुद्रे जसेच्या तसे. नवी डिस्क त्यांच्यावरच चढवलेली.

हबवर कागदाच्या जाडीचा पापुद्रा राहिला तरी डिस्कच्या बाहेरच्या कडेपर्यंत तो फरक वाढत जातो. अनेक गाड्यांत डिस्कच्या कडेची ही डुगडुग ०.०५ ते ०.१ मिमीच्या आसपासपर्यंतच चालते. डिस्क डुगडुगली की प्रत्येक फेरीत पॅडला एकाच जागी घासते, तिथली जाडी बदलते आणि मग पेडल थरथरतं. बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसतेच.

यावेळी मी सर्वांत जास्त वेळ हबवर घालवला. वायर ब्रश, मग पॉलिश पेपर, प्रत्येक स्टडच्या बुडाशी सुद्धा. डिस्क चढवून सगळे नट सारखे आवळले आणि डायल गेज लावून फेरी बघितली. काटा जेमतेम हलला. तेव्हापासून पेडल शांत आहे.

* * *

काही फ्रेंच गाड्यांत मागची डिस्क आणि बेअरिंग एकच असतात. रेनोच्या अनेक मॉडेलांत असं आहे, माझीही त्यातलीच. मधला मोठा नट उघडावा लागतो, तो पुन्हा वापरायचा नाही, नवा घ्यायचा आणि कंपनीने दिलेल्या टॉर्कलाच आवळायचा. बेअरिंगच्या मागे एबीएसची चुंबकीय रिंग असते. स्वस्तातली डिस्क घेताना रिंग बसवलेली आहे का ते आधी विचारा, नसेल तर एबीएसचा दिवा लागणारच.

* * *

डिस्क का गेली हेही बघा ना! माझ्या गाडीत एका बाजूचा आतला पॅड संपून लोखंड डिस्कला घासत होतं, बाहेरचा पॅड जवळजवळ नवा. म्हणजे कॅलिपर जिच्यावर सरकतो ती स्लाइड पिन जाम. नुसती डिस्क बदलली असती तर तेच पुन्हा झालं असतं. दोन्ही पिना काढून, पुसून, ब्रेकसाठीचंच ग्रीस लावलं. साध्या ग्रीसने पिनेचं रबर फुगतं. आणि डिस्क नेहमी दोन्ही बाजूंच्या बदलाव्यात, पॅडही नवेच. पण उघडायची एका वेळी एकच बाजू. कुठली क्लिप कशी होती ते विसरलं तर दुसरी बाजू समोर असते.

* * *

मागचं काम करताना हँडब्रेक सोडलेला असतो, हे पुरेसं कुणी बजावलेलं दिसत नाही. जमीन सपाट हवी, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, गाडी गियरमध्ये किंवा पार्कमध्ये, आणि वजन जॅक स्टँडवर. नुसत्या जॅकवर कधीच नाही. कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवू नका, तारेने स्प्रिंगला अडकवा. पिस्टन आत जाताना वर टाकीतलं ऑइल चढतं. ते सांडलं तर रंग उडतो, म्हणून झाकण सैल करून लक्ष ठेवा.

* * *

नव्या डिस्कवर गंज येऊ नये म्हणून तेल लावलेलं असतं, ते क्लीनरने पूर्ण पुसा. सगळं जोडल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करा, पहिल्यांदा ते तळापर्यंत जातं. कॅलिपरमध्ये हँडब्रेक असेल तर लिव्हरही काही वेळा ओढून सोडा. मग नवे पॅड आणि डिस्क एकमेकांना नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर साधारण ताशी ५० किमीच्या वेगावरून १० पर्यंत मध्यम दाबाने ब्रेक लावा, पुन्हा पुन्हा, पूर्ण न थांबता. शेवटी काही अंतर ब्रेक न लावता चालवून डिस्क थंड होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभे राहिलात तर पॅडचा ठसा तिथेच उमटतो.