आरओ लावला म्हणजे पाण्याची काळजी मिटली का?

पेठकर:
पुण्यात हल्ली घर लावताना गॅसच्या आधी आरओ बसतो. ज्या भागांना महापालिकेचं शुद्ध केलेलं धरणाचं पाणी मिळतं, तिथे याची गरज नाही, असं माझं ठाम मत आहे. खडकवासल्याचं पाणी मुळात मऊ. आरओचं मुख्य काम क्षार काढणं, आणि आपल्याला भीती आहे ती जंतूंची. त्यासाठी पर्वतीच्या जलशुद्धीकरण केंद्रात तुरटीने गाळ खाली बसवतात, पाणी वाळूच्या थरांतून गाळतात आणि मग क्लोरीन सोडतात. नळापर्यंत पोचल्यावरही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं, असं भारतीय मानक सांगतं. वाटेत काही मिसळलं तर तेवढाच आधार असतो. आरओ यंत्र नेमकं तेच काढून टाकतं, शिवाय कितीतरी पाणी मोरीत जातं.

धायरीकर:
पर्वतीचं मान्य. पण ते पाणी सगळ्यांना मिळतं कुठे? जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडणाऱ्या आजाराचे, रुग्ण वाढले. नांदेडगाव, किरकटवाडी ही गावं २०२१ मध्येच महापालिकेत आली होती, तरी तिथे विहिरीचं पाणी शुद्धीकरण केंद्रातून न जाता, नुसतं क्लोरीन टाकून येत होतं. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जुलाबाचा जंतू सापडला, त्याच्या संसर्गानंतर जीबीएस होऊ शकतो. माणसं व्हेंटिलेटरवर गेली हो! अशा वेळी आईबापांनी यंत्र घेऊ नये, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

पेठकर:
त्याच साथीत महापालिकेने काही खासगी आरओ केंद्रंही बंद केली, तिथलं पाणीही पिण्यालायक नव्हतं म्हणून. जिथे भरवसा नाही तिथे पाणी खळखळ उकळावं. जंतूंवर तो खात्रीचा उपाय आहे.

नळजोड:
दोघेही दोन टोकांचं बोलताय, बिघाड मधल्या पाइपात आहे. पाणी काही तासच सोडतात. बंद झालं की लाइनमधला दाब जातो आणि शेजारी फुटलेलं ड्रेनेज असेल तर ती घाण सांध्यांतून आत ओढली जाते. नळाला थेट मोटर लावणारे यात भरच घालतात. म्हणून चोवीस तास दाबाने पाणी हवं. ओडिशातल्या पुरीने २०२१ मध्ये ते करून दाखवलं.

धायरीकर:
पुण्यातही समान पाणीपुरवठ्याची कामं वर्षानुवर्षं चालूच आहेत. टाक्या उभ्या राहिल्या, मीटर बसले. आमच्याकडे मात्र अजून टँकर. तोवर उकळायला रोज गॅस जाळायचा, तोही आम्हीच?

नळजोड:
तोवर एक करा. ओटी टेस्टचं किट स्वस्तात मिळतं. थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. टँकरचं, सोसायटीच्या टाकीचं आणि वरच्या मजल्यावरच्या नळाचं पाणी वेगवेगळं तपासा. टँकरमध्ये आहे आणि नळाला नाही, तर आधी टाकी धुवून घ्या. टँकरमध्येच नसेल तर तारीख-वेळ लिहून वॉर्ड ऑफिसात लेखी तक्रार द्या, पोच घ्या.

धायरीकर:
किट आणतो. पण टँकरवाल्याने पाणी कुठून भरलं, हे मला कोण सांगणार? ते गाडीवर लिहिणं सक्तीचं करा, मग आरओबद्दल बोलू.