घुबडाचा पत्ता वाटू नका

वन्यजीवांसाठी वर्गणी न देता घरबसल्या काय करता येईल, असं विचारलंत म्हणून सांगते. फेब्रुवारीत चार दिवस 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' ही पक्षीगणना असते. गच्चीत निदान १५ मिनिटं बसायचं आणि दिसलेले पक्षी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या ॲपवर नोंदवायचे. साळुंक्या, कावळेसुद्धा! 'नेहमीचेच तर आहेत' म्हणून सोडू नका; नेहमीचे पक्षी कमी होऊ लागले की ते अशाच नोंदींतून कळतं. फुलपाखरं-किड्यांच्या नोंदींसाठी आयनॅचरलिस्ट हे ॲप आहे. तिथे संकटग्रस्त प्रजातीचं नेमकं ठिकाण आपोआप धूसर होतं. आपण मात्र व्हॉट्सॲपवर घुबडाची ढोली लोकेशनसकट टाकतो. (मीही एकदा टाकली होती. दुसऱ्या दिवशी झाडाखाली जत्रा!) आणि हो, पाळलेल्या चांदणी कासवाच्या रीलखाली 'किती गोड' लिहिण्याऐवजी वनविभागाला कळवा, महाराष्ट्रात १९२६ नंबर आहे. ते कासव घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे.