मदत हवी आहे : व्हायोलिन-चेलोच्या कार्यक्रमाचा क्रम कसा लावू?

दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव. कापसाची वेचणी आटोपली की भाचा नागपूरहून वाजवणारी मंडळी घेऊन येतोय. व्हायोलिन आणि त्याच्याच जातीची मोठी वाद्यं, व्हिओला, चेलो. पाश्चात्त्य संगीतकारांपैकी मोझार्टची १७८७ ची रचना 'आइने क्लाइने नाख्टमुझिक' पक्की, विवाल्डीचा 'हिवाळा'ही. त्यांच्यातल्या एका मुलीनं खंजिरीच्या ठेक्यावर नवी रचनाही केली आहे. ती सुरुवातीला घ्यावी की या दोघांच्या मध्ये? शेवटी नको, तोवर अर्धं गाव उठून जातं, भजनालाही हेच होतं.

मोझार्टचे चार भाग. प्रत्येक भागानंतर टाळ्या पडणारच. पडू द्याव्या ना?

आणखी एक : समाजमंदिरावर टिनाचं छप्पर, आवाज घुमतो. तरी माइक लावावा का? आमच्या साउंडवाल्या भाऊला हळू आवाज माहीतच नाही.